न्यूमॅटोफोर: तिवराच्या मुळाशी आणि ब्लू बॉटलच्या माथ्यावर एकच शब्द

माझी भाची कांदिवलीला राहते. यंदा अकरावीला आहे आणि नीटची तयारी करते आहे. जुलैतल्या एका रविवारी सकाळी तिचा फोन आला आणि तिनं थेट प्रश्नच विचारला. "मावशी, न्यूमॅटोफोर म्हणजे झाडाचं मूळ की समुद्रातला फुगा?"

क्लासमध्ये तिला शिकवलं होतं की खारफुटीच्या झाडांची चिखलातून वर येणारी मुळं म्हणजे न्यूमॅटोफोर. आदल्या संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर जुहूला गेली होती. वाळूवर निळे फुगे येऊन पडले होते. कुणीतरी ओरडलं, "हात लावू नका, ब्लू बॉटल आहे!" घरी आल्यावर तिनं मोबाइलवर शोधलं, तर त्या निळ्या फुग्याचं शास्त्रीय नावही न्यूमॅटोफोरच निघालं. "दोन्हींपैकी एक तर चूक असणार ना?" असं तिचं म्हणणं.

एकही चूक नाही. पण प्रश्न इतका चांगला होता की फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन टाकावंसं वाटलं नाही. शिवाय हा शब्द आत्ताच नीट समजून घ्यायला आणखी एक कारण आहे. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या सागरी किनारा रस्त्यासाठी हजारो खारफुटीची झाडं कापली जाणार, ही बातमी आपण सगळेच वाचतो आहोत. चर्चा असते ती किती झाडं जाणार आणि बदल्यात किती लावणार याची. ही मोजणी खोडाची होते. तिवर या खारफुटीच्या झाडाचा जीव मात्र खोडाभोवतीच्या चिखलात असतो, आणि तो नेमका कुठे असतो ते हा एक शब्द सांगतो.

शब्द फोडून पाहू

न्यूमॅटोफोर हा शब्द ग्रीक आहे. 'प्नेउमा' म्हणजे वारा, श्वास. न्यूमोनियातला 'न्यूमो' याच घरातला. लोकल स्टेशनात थांबताना डब्याखालून 'फुस्स' असा हवेचा आवाज येतो ना, ते हवेच्या दाबावर चालणारे न्यूमॅटिक ब्रेक. तोही याच घरातला. 'फोर' म्हणजे धारण करणारा, वाहून नेणारा. आपल्याकडे गिरिधर, हलधर, जलधर यांत जो 'धर' आहे, तेच काम ग्रीकमध्ये 'फोर' करतो. (मला फार आवडणारी गोष्ट अशी की हा 'फोर' आणि आपला 'भार' हे भाषेच्या वंशावळीत सख्खे नातेवाईक आहेत. दोघांचा मूळ धातू एकच, उचलून नेणे या अर्थाचा.)

म्हणजे न्यूमॅटोफोर झाला 'वायुधर'. हवा धरणारा. या नावात मूळ कुठेच नाही, फुगाही नाही. अवयव कोणता, झाडाचा की प्राण्याचा, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. तो फक्त कामाबद्दल बोलतो. भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

झाडाच्या बाबतीत मराठी पुस्तकांत 'श्वसनमुळं' असा सुटसुटीत शब्द आहे. यापुढे मी झाडासाठी तोच वापरते.

तुळशीच्या कुंडीतून खाडीकडे

पावसाळ्यात गॅलरीतली तुळस का जाते? पाणी कमी पडून नव्हे, जास्त होऊन. कुंडीचं खालचं भोक मातीनं बुजलेलं असतं, पाणी साचून राहतं, आणि आठ-दहा दिवसांत तुळस मान टाकते. उपटून पाहिली तर मुळं काळी आणि बुळबुळीत झालेली असतात.

मुळांनाही ऑक्सिजन लागतो. एरवी मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते आणि मुळं ती घेतात. त्या पोकळ्यांत पाणी भरलं की हवेची वाट बंद होते. पाण्यातून ऑक्सिजन पसरतो, पण हवेच्या तुलनेत साधारण दहा हजार पट सावकाश. मुळापर्यंत तो पोहोचेस्तोवर मूळ गुदमरलेलं असतं.

आता ही बुजलेली कुंडी मैलोन्‌मैल पसरवा. ठाण्याची खाडी, गोराई, मालाड, माहीम. तिथला चिखल पिठासारखा बारीक, कायम ओला, आणि दिवसातून दोनदा त्यावर भरतीचं खारं पाणी. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटरच्या वर चढतं. या चिखलात दोन-चार मिलिमीटर खाली गेलात की ऑक्सिजन जवळजवळ संपतो. तिथे असे जिवाणू राहतात ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही, आणि ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. खाडीपुलावरून जाताना खिडकीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो त्यात खाडीत सोडलेल्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, पण स्वच्छ खाडीचा चिखल खणला तरी हा वास थोडा येतोच. काळ्या रंगाचा आणि वासाचा तो चिखल म्हणजे 'इथे हवा नाही' अशी पाटीच.

या चिखलात तुळस, आंबा, गुलमोहर यांतलं काहीही एक पावसाळा काढणार नाही. तिवर मात्र मजेत वाढतो. मुंबईच्या खाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारी खारफुटी हीच, वनस्पतिशास्त्रात हिला ॲव्हिसेनिया म्हणतात. तिवर जगतो, कारण त्यानं आपली काही मुळं उलटी, आकाशाकडे वाढवली आहेत.

हातात घेऊन पाहिलेलं एक मूळ

त्या रविवारनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी गोराईच्या खाडीकाठी गेलो. पेपरात भरती-ओहोटीच्या वेळा छापून येतात, त्या बघून ओहोटीची वेळ गाठली. पाणी उतरलेलं होतं आणि तिवराच्या बुंध्याभोवतीचा चिखल पेन्सिलींनी भरून गेल्यासारखा दिसत होता. करड्या रंगाच्या, बोटभर जाडीच्या, वीतभर उंचीच्या, सरळ उभ्या.

भाचीला आधी वाटलं की ही तिवराची रोपंच उगवली आहेत. बहुतेकांना तसंच वाटतं. मग मी तिला एक गोष्ट दाखवली. नीट निरखलं तर या पेन्सिली वाट्टेल तशा विखुरलेल्या नसतात, त्यांच्या रांगा असतात. एक रांग नजरेनं धरून मागे मागे गेलं की आपण थेट खोडाशी पोहोचतो. कारण चिखलाखाली एक लांब आडवं मूळ खोडापासून दूर गेलेलं असतं, आणि त्याच्यावर थोड्या थोड्या अंतरानं ही उभी श्वसनमुळं फुटलेली असतात. गॅसची पाइपलाइन रस्त्याखालून जावी आणि ठरावीक अंतरावर तिचे खुणेचे खांब वर दिसावेत, तसं. दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवराला अशी दहा हजारांवर श्वसनमुळं असू शकतात. डोक्यावर जेवढं झाड दिसतं त्याहून कितीतरी मोठ्या वर्तुळात ते पायाखाली पसरलेलं असतं.

एक तुटून पडलेलं श्वसनमूळ आम्ही घरी आणलं. धुतल्यावर त्याच्या सालीवर बारीक फिकट ठिपके दिसले, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. ही वल्करंध्रं, म्हणजे सालीतली हवेची भोकं. मूळ आडवं कापलं तर आत लाकडाचा टणकपणा नव्हता. थर्मोकोलसारखा हलका, छिद्राछिद्रांचा गाभा होता. भाचीनं नखानं दाबला तर तो दबला.

मग फुगे भरायच्या हातपंपाची नळी आम्ही त्या कापलेल्या टोकाला घट्ट बसवली, मूळ बादलीतल्या पाण्यात बुडवलं आणि पंप दाबला. त्या फिकट ठिपक्यांतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर आल्या. सगळ्या ठिपक्यांतून नाही, पण पुष्कळ. भाची काही बोलली नाही, तिनं पुन्हा दाबला. पुस्तकातली 'वल्करंध्रांद्वारे वायूंची देवाणघेवाण' हीच होती.

भरतीत बुडल्यावर काय होतं?

श्वसनमुळं आहेत वीतभर आणि भरतीचं पाणी येतं माणसाच्या छातीइतकं. म्हणजे दिवसातले कित्येक तास हवा घेणारी ही टोकंच पाण्याखाली असतात. मग?

मग तिवर साठवणीवर जगतो. त्या थर्मोकोलसारख्या गाभ्यात हवा भरलेली असते आणि बुडालेल्या वेळात मुळं ती थोडी थोडी वापरतात. पण खरी गंमत पुढे आहे. मुळं ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून जातो. म्हणजे आतला ऑक्सिजन तर संपत जातो आणि त्याच्या जागी आलेला वायूही बाहेर पाण्यात निघून जातो. वल्करंध्रं पाणी आत येऊ देत नाहीत. त्यामुळे आतला दाब कमी कमी होत जातो.

अर्धी रिकामी प्लास्टिकची बाटली घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली की ती आत चेपते, आणि बूच उघडताना 'सुस्स' करून हवा आत जाते. तिथे कारण थंडाव्याचं आहे, इथे वेगळं, पण शेवटची क्रिया तीच. ओहोटीला पाणी खाली उतरलं, श्वसनमुळाचं टोक उघडं पडलं, की बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. फुप्फुस नाही, छाती नाही, एकही स्नायू नाही. भरती-ओहोटीच झाडासाठी भाता चालवते.

ही कल्पना नुसती तर्कानं बसवलेली नाही. १९५५ साली शोलँडर या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारफुटीच्या मुळांतली हवा काढून मोजली होती. भरतीत मुळातला ऑक्सिजन आणि दाब उतरतो, ओहोटीत परत चढतो, हे त्यांना दिसलं. त्यांनी आणखी एक साधी युक्ती केली. वल्करंध्रांवर ग्रीस फासलं. भोकं बुजली आणि चिखलातल्या मुळांमधला ऑक्सिजन झपाट्यानं घसरला. हे ग्रीस लक्षात ठेवा. पुढे मुंबईच्या संदर्भात ते परत येणार आहे.

"पण झाडं तर ऑक्सिजन देतात ना?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्याला हसू नये. शाळेत आपण 'झाडं ऑक्सिजन देतात' इतकंच पाठ करतो, त्याचा हा परिणाम.

ऑक्सिजन तयार होतो हिरव्या भागात, उन्हात, मुख्यतः पानांत. श्वसन मात्र झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत चोवीस तास चालू असतं. अन्नातून ताकद काढायची तर ऑक्सिजन लागतोच, मग ती पेशी माणसाची असो की मुळाची. घरात चूल पेटलेली असली तरी माडीवरच्या खोलीत जेवण आपोआप पोहोचत नाही, कुणीतरी ताट न्यावं लागतं. पान आणि चिखलातलं मूळ यांच्यातलं अंतर तसंच आहे. श्वसनमुळं त्या मुळासाठी जवळची, वेगळी वाट काढतात.

ही हवा मुळापुरतीच राहत नाही. थोडी बाहेर चिखलात झिरपते आणि मुळाभोवती एक पातळसा तांबूस थर तयार होतो. काळ्या चिखलातलं लोह तिथे गंजतं, म्हणून तो रंग. सल्फाइडचं विष मुळापासून दूर ठेवायला हा थर उपयोगी पडतो. चिखलातलं काही बारीकसारीक जीवन या थरांच्या आश्रयानं वाढतं.

चिखलात दिसणारं प्रत्येक मूळ न्यूमॅटोफोर असतं का?

नाही, आणि इथे परीक्षा देणाऱ्या मुलांनी विशेष लक्ष द्यावं. अकरावीच्या एका अतिशय प्रचलित पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षं ऱ्हायझोफोरा या झाडाचं नाव न्यूमॅटोफोरचं उदाहरण म्हणून छापलेलं होतं. ऱ्हायझोफोरा म्हणजे आपला कांदळ. कांदळवन हा शब्द ज्याच्यावरून आला तो. पण कांदळाला अशा उभ्या पेन्सिली नसतात. त्याच्या खोडातून कमानीसारखी मुळं फुटून चिखलात टेकतात, तंबूच्या काठ्यांसारखी. ती आधारमुळं. त्यांच्यावरही वल्करंध्रं असतात आणि तीही हवा आत नेतात, म्हणून कुणी सैल अर्थानं त्यांनाही श्वसनमुळं म्हणतं. काटेकोर बोलायचं तर न्यूमॅटोफोर म्हणजे जमिनीखालच्या आडव्या मुळापासून सरळ वर, हवेत आलेलं मूळ.

त्या व्याख्येत तिवर बसतो आणि चिप्पी बसते. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष जाहीर केलं, असा दर्जा एखाद्या खारफुटीला देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. चिप्पीची श्वसनमुळं तिवरापेक्षा जाड, खाली रुंद आणि वर निमुळती, गाजर उलटं रोवावं तशी. ती इतकी हलकी असतात की आशियात ठिकठिकाणी त्यांची बुचं आणि जाळ्याचे तरंगते गोळे बनवत आले आहेत.

वडाच्या पारंब्याही हवेतलीच मुळं, पण त्या वरून खाली येतात, आधाराला. त्या न्यूमॅटोफोर नव्हेत.

मग जुहूचा निळा फुगा?

ब्लू बॉटल हा मासा नाही. सगळे त्याला जेलीफिश म्हणतात, पण तो जेलीफिशही नाही, त्यांचा लांबचा भाऊबंद आहे. शास्त्रीय नाव फायझेलिया. दिसतो एक जीव, असते ती वसाहत. एकाच अंड्यातून निघालेले, एकमेकांना जन्मभर चिकटलेले अनेक लहान जीव, आणि प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं. काही भक्ष्य पकडतात, काही फक्त पचवतात, काहींकडे फक्त वंश वाढवायचं काम. एकटा कुणीच जगू शकत नाही.

या सगळ्या कारभाराला तरंगत ठेवतो तो वरचा फुगा. तोच प्राणिशास्त्रातला न्यूमॅटोफोर. त्यात वायू भरायला आत खास ग्रंथी असते आणि ती चक्क कार्बन मोनॉक्साइड तयार करते, जो वायू बंद खोलीतल्या शेगडीमुळे माणसाचा जीव घेतो तोच. बाकी भरणा नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. फुग्यावर एक चुणीदार कड असते, ती शिडाचं काम करते. स्वतः पोहून कुठे जाण्याची ताकद ब्लू बॉटलमध्ये नाही, वारा नेईल तिकडे तो जातो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जुहू, अक्सा, गिरगाव इथल्या वाळूवर ते येऊन पडतात.

फुगा स्वतः निरुपद्रवी, डंख असतो त्याच्याखालच्या निळ्या दोऱ्यांमध्ये. वाळूवर सुकलेल्या ब्लू बॉटललाही हात लावू नका. दोऱ्यातल्या डंख मारणाऱ्या पेशींना उडायला तो जिवंत असावा लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. लहान मुलांना हा फुगा फार मोहवतो, म्हणून इतकं ठासून लिहिते आहे.

आता तुलना करा. तिवराचा न्यूमॅटोफोर हवा मुळांपर्यंत पोहोचवतो, श्वसनासाठी. ब्लू बॉटलचा न्यूमॅटोफोर वायू कोंडून ठेवतो, तरंगण्यासाठी. एकाला भोकं उघडी असावी लागतात, दुसऱ्याला भोक पडलं तर सगळं संपलं. एक वनस्पती, एक प्राणी, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दोघांत समान एवढंच की दोघेही हवा धरतात.

एकच शब्द दोन ठिकाणी, मग गोंधळ होत नाही का?

भाचीनं हे जरा रागानंच विचारलं, आणि तिचा राग मला समजतो. प्रजातींची शास्त्रीय नावं ठेवताना फार कडक नियम असतात. त्यांना तसं लागतंच, नाहीतर एका झाडाला दहा नावं पडतील. अवयवांच्या आणि रचनांच्या नावांना मात्र तसं बंधन नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र ही दोन घरं वेगवेगळी वाढली. दोघांनीही ग्रीकच्या एकाच कोठारातून शब्द उचलले, आणि दोघांच्याही हाती हाच जोड आला.

याचा त्रास करून घेण्यापेक्षा मी तिला एक सवय लावून घ्यायला सांगितली. कठीण शब्द आला की तो नात्याचं नाव आहे की कामाचं, हे आधी विचारायचं. 'सस्तन' हे नात्याचं नाव आहे. वटवाघूळ आणि देवमासा दोघे सस्तन म्हटलं की त्यांचे पूर्वज कुठेतरी एक होते असा अर्थ होतो. न्यूमॅटोफोर हे कामाचं नाव आहे. त्यातून नात्याचा काहीच अर्थ काढायचा नसतो. पंख हा शब्दही तसाच. पक्ष्याला पंख, माशीला पंख, विमानालाही पंख, म्हणून कुणी त्यांना भावंडं समजत नाही.

बाजारात ताजी माकूळ, म्हणजे स्क्विड, पाहिलीत तर तिच्या अंगावर तपकिरी-जांभळे ठिपके असतात. त्यांना क्रोमॅटोफोर म्हणतात, रंग धारण करणारे. आता 'फोर' ओळखीचा झाल्यावर हा शब्द पाठ करावा लागत नाही, बघताक्षणी कळतो.

कुऱ्हाड न लावता झाड मारता येतं

आता ते ग्रीस. प्रयोगात वल्करंध्रांवर हातानं फासलं होतं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली, चित्रातून शेकडो टन तेल सांडलं आणि ते आसपासच्या खारफुटीपर्यंत गेलं. तेल पाण्यावर तरंगतं. ओहोटीला पाणी उतरतं तसं तेल खाली खाली येत श्वसनमुळांवर बसतं, नेमकं वल्करंध्रांवर. ओहोटीची वेळ झाडाच्या श्वास घेण्याची, आणि तेव्हाच भोकं बुजलेली. तेल गळती झाली की तज्ज्ञ आधी खारफुटीकडे का धावतात ते यावरून कळेल.

पण तेलाची गळती क्वचित होते. मुंबईत रोज होतं ते डेब्रिज टाकणं. रात्री डंपर येतो, पाडलेल्या इमारतीचा राडारोडा खाडीच्या कडेला ओततो आणि जातो. एकही फांदी तुटत नाही. सकाळी बघणाऱ्याला हिरवीगार झाडं आणि कडेला थोडा भराव, इतकंच दिसतं. चिखलावर मात्र वीतभर थर बसलेला असतो, आणि श्वसनमुळंही वीतभरच होती. पुढच्या काही महिन्यांत पानं पिवळी पडतात, शेंडा वाळतो, झाड उभ्या उभ्या करडं होतं. मग कुणीतरी म्हणतं, इथे तर झाडं मेलेलीच आहेत.

दुसरा प्रकार बांध घालण्याचा. खाडीचं पाणी यायचा-जायचा नाला बुजवला की आत पाणी साचून राहतं. इथे एक आक्षेप लोक हमखास घेतात. तिवर रोज पाण्यात बुडतोच की, मग साचलेल्या पाण्यानं काय बिघडतं? बिघडतं हे की पाणी उतरतच नाही. माणूस डुबकी मारू शकतो, कारण तो परत वर येतो. भाता चालवणारी ओहोटीच काढून घेतली तर साठवलेली हवा किती दिवस पुरणार?

मुंबई उच्च न्यायालयानं १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभरातली खारफुटी तोडायला बंदी घातली, तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं, आणि खारफुटीवर राडारोडा, कचरा टाकणं ताबडतोब थांबवायचा आदेशही त्यातच दिला. तोडणं आणि टाकणं हे दोन्ही शब्द त्या निकालात आहेत. चर्चेत मात्र आपण फक्त पहिला धरून बसतो. मला स्वतःला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तोडलेल्या झाडाचा बुंधा तरी पुरावा म्हणून मागे राहतो.

"गाळ तर खाडीत येतच असतो"

खरं आहे. खारफुटीचं कामच गाळ अडवण्याचं. हजारो उभ्या मुळांत पाण्याचा वेग मंदावतो आणि त्यातली माती खाली बसते. पण हा गाळ वर्षाला काही मिलिमीटरच्या हिशेबानं साचतो, आणि श्वसनमुळं त्याच्या बरोबरीनं वर वाढत राहतात. झाडाला वेळ मिळतो. डंपर एका रात्रीत कित्येक वर्षांचा गाळ टाकतो. शिवाय तो गाळ नसतो, सिमेंट, विटा, टाइल्सचे तुकडे असतात. त्यातून हवा जात नाही आणि निवटेही (चिखलात राहणारे छोटे मासे) बिळं करत नाहीत.

"दुसरीकडे लावली तर चालेल ना?"

लावावीत, जरूर लावावीत. महाराष्ट्रात २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष सुरू झाल्यापासून लागवडीचं बरंच काम झालं आहे आणि ते मोलाचं आहे. पण श्वसनमूळ समजलं की या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्यालाच देता येतं. रोपाला पहिल्या दिवसापासून श्वसनमुळं नसतात. आधी ते स्थिरावतं, आडवी मुळं पसरतात, मग वर टोकं फुटतात. तोवर ते भरतीच्या नेमक्या पातळीवर असायला लागतं. जास्त खोल लावलं तर बुडून मरतं, जास्त उंचावर लावलं तर भरती पोहोचत नाही आणि दुसरीच झुडपं त्याची जागा घेतात. म्हणून खारफुटीची लागवड म्हणजे फक्त रोपांची संख्या नव्हे, आधी पाण्याचा हिशेब. आणि खाडीपासून दूर, आतल्या जिल्ह्यात दुसऱ्या जातीची झाडं लावली, तर ती चांगलीच, पण तिथे ना भरती आहे ना चिखल. दहा हजार पेन्सिलींचं ते काम तिथलं झाड करू शकणार नाही. गाळ धरण्याचं, लाटांचा जोर मोडण्याचं, चिंबोऱ्या आणि कोळंबीच्या पिल्लांना आडोसा देण्याचं काम खाडीतच व्हावं लागतं.

तक्रार करायची असेल तर फोटो कशाचा काढायचा

आमच्या ओळखीच्या एका काकांनी त्यांच्या घरामागच्या खाडीत टाकलेल्या डेब्रिजची तक्रार केली होती. सोबत त्यांनी पाठवलेल्या फोटोंत झाडांचे शेंडे होते, मागे इमारती होत्या, आकाश होतं. झाडं तर उभी आहेत, असं उत्तर आलं. फोटोत खरोखरच ती उभीच होती.

दुसऱ्यांदा भाची त्यांच्याबरोबर गेली. ओहोटीची वेळ बघून गेली. भराव जिथे संपतो आणि चिखल सुरू होतो त्या रेषेवर तिनं मोबाइल गुडघ्याच्या उंचीला धरला. शेजारी मापासाठी पाण्याची बाटली उभी केली. फोटोच्या डाव्या बाजूला श्वसनमुळांची रांग आहे, एकेक टोक मोजता येईल इतकी स्पष्ट. उजवीकडे विटांचे तुकडे आहेत. रांग विटांपाशी येऊन थांबते आणि विटांच्या पलीकडे, त्याच सरळ रेषेत, तिवराचं खोड आहे.